वसई किल्ल्यातील वारस नसलेल्या कबरी

२ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा सर्व मृत भाविकांचे स्मरण करते. त्या दिवशी गावोगावच्या दफनभूमीत कबरी स्वच्छ केल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. परंतु ज्यांच्यासाठी मेणबत्ती लावणारे कोणीच उरलेले नाही, त्यांचे काय? वसईच्या किल्ल्यातील संत अंतोनीच्या जुन्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये उभे राहिले की हा प्रश्न आपल्यासमोर येतो. चर्चचे छप्पर केव्हाच कोसळले आहे. जमिनीत मात्र कबरींच्या शिळा आहेत. काहींवर घराण्याची मानचिन्हे कोरलेली आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर गवत वाढते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर तटाच्या आत पोर्तुगीज खानदानी सरदारांची वस्ती वाढली. आसपासची गावे त्यांच्याकडे खंडाने असत आणि त्या गावांच्या उत्पन्नावर ही घराणी नांदत असत. त्याच उत्पन्नाचा काही भाग चर्च व मठ यांना मिळे.

चर्चच्या बाजूला जी लहान दालने दिसतात, ती बहुधा अशा दात्यांच्या आश्रयाने उभी राहत. पोर्तुगीज प्रथेप्रमाणे 'चॅपल' म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. ती एक प्रकारची धर्मदाय व्यवस्था होती. घराण्याने जमीन किंवा रक्कम लावून द्यावी, त्या उत्पन्नातून त्यांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण व्हाव्यात आणि घराण्यातील मृतांना वेदीजवळ विसावा मिळावा, अशी ती योजना असे. देणगी नेहमीसाठी असे, तशीच मिस्सांची जबाबदारीही नेहमीसाठी असे.

मुंबईत वैद्यकी करणारे गोव्याचे कॅथोलिक विद्वान डॉ. जुझे जेर्सन द कुन्या यांनी चौल व वसई यांच्या इतिहासावरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वसईचे अनेक शिलालेख नोंदवले. त्यांपैकी एक लेख मेलो घराण्याच्या चॅपलचा आहे. मानुएल द मेलो परेरा यांची पत्नी दोना फ्रान्सिस्का द मिरांडा, त्यांची कन्या इनेस, नातू लुईस आणि पुढील वारस यांच्यासाठी ती जागा होती. दोना फ्रान्सिस्का १० नोव्हेंबर १६०६ रोजी निवर्तल्या. किल्ल्यातीलच येशूसंघीयांच्या चर्चमध्ये इझाबेल द आगियार (१५९१) आणि दोना फिलिपा द फोन्सेका (१६२८) या दोन विधवा दात्यांच्या कबरी नोंदलेल्या आहेत. फिलिपा यांनी हयातीतच आपली सारी मालमत्ता चर्चला दिली होती.

'पुढील वारस' हे शब्द वाचताना आपण क्षणभर थबकतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे किल्ला शरण गेला. तहानुसार पोर्तुगीजांना चीजवस्तूंसह निघून जाण्याची मुभा मिळाली. सरदार घराणी गेली, गावांचे उत्पन्न थांबले, मठ ओस पडले. ज्या वारसांसाठी शिळेवर जागा राखली होती, ते तेथे विसावले नाहीत. मिस्सांची जबाबदारी पार पाडणारेही राहिले नाहीत.

राहिले ते गावचे ख्रिस्ती लोक. शेतकरी, कोळी, कारागीर असे आपले मराठी बोलणारे पूर्वज. मेलो, परेरा, मिरांडा, फोन्सेका ही आडनावे आज आपल्याच घरांत आहेत. ती बहुतांशी रक्ताच्या नात्याने आलेली नाहीत, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव मिळण्याच्या प्रथेने आलेली आहेत. त्या सरदारांचे वैभव आपल्या पूर्वजांच्या घामावर उभे होते, हेही विसरता येत नाही. म्हणून त्यांचे गोडवे गाण्याची आवश्यकता नाही. परंतु मृतांसाठी प्रार्थना करताना ख्रिस्तसभा त्यांचा मानमरातब पाहत नाही, आणि त्यांचे दोषही मोजत नाही. आज तर चर्चमध्ये दफनाचा मान मोठ्या देणगीनेही मिळत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२४२ नुसार तो केवळ परमगुरुस्वामी आणि आपापल्या चर्चमध्ये कार्डिनल व महागुरुस्वामी यांच्यापुरता आहे.

बारामती-इंदापूरकडून वसईला नातलगांकडे वा सहलीला जाणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे. या शिळांवर बसून छायाचित्रे काढू नयेत. अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून त्यांवर रंग, तेल, खडू लावू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. मेणबत्तीही शिळेवर लावू नये, कारण मेणाचे डाग दगडात मुरतात. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तेथील स्वच्छता वा दुरुस्ती त्यांच्या परवानगीनेच व्हावी. आणि आपल्या स्वतःच्या धर्मग्रामातील जुन्या कबरींवरील नावे पुसली जाण्याआधी वहीत उतरवून ठेवावीत, हे काम तर आपल्या युवकांना येत्या रविवारीही आरंभता येईल.

दोना फ्रान्सिस्का यांनी आपल्या वारसांसाठी जागा राखली होती. ते वारस आले नाहीत. त्यांचे आडनाव धारण करणारे आपण तेथून जाताना त्यांच्यासाठी एक 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणावे, एवढे तरी आपल्याला निश्चित करता येईल.