कळ क्रमांक ५७ आणि उमरोळीचा ळ

विरारहून बोईसरकडे निघालेली गाडी सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी थांबत जाते. चारपैकी तीन नावांत ळ. तो कॉम्प्युटरवर नीट टिकायला फार वर्षे लागली, आणि खरी अडचण होती कळ आणि अक्षर यांच्या मधल्या तक्त्यात.

कळफलकाला कोणतीच लिपी येत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळमांडणीत ळ हवा तर शिफ्ट धरून एन दाबायची. लिनक्सला कळतो फक्त त्या कळीचा क्रमांक, ४९. एक्स विंडोच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात ८ मिळवले की होतात ५७. मग लिबएक्सकेबीकॉमनसारखी लायब्ररी तक्ता उघडते: कोणती भाषा चालू आहे, शिफ्ट दाबलेली आहे का, ५७ समोर काय लिहिले आहे. इंग्रजीच्या तक्त्यात तिथे मोठा एन, मराठीच्या तक्त्यात ळ, म्हणजे युनिकोडचा २३५५. शिफ्ट सोडली की ल.

या तक्त्याची पायाभरणी आयआयटी कानपूरमध्ये जिस्ट प्रकल्पात झाली. मोहन तांबे त्यातले महत्त्वाचे नाव. १९८६ मध्ये इनस्क्रिप्टची मांडणी ठरली, १९८८ मध्ये जिस्टचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, १९९१ मध्ये इस्की ही अक्षरसंकेतांची पद्धत भारतीय मानक झाली. इनस्क्रिप्टमधली एक गोष्ट मला आजही थक्क करते. भारतीय लिप्यांत एका ध्वनीला एकच कळ दिली. तलासरीचा माणूस सीमेपलीकडे जाऊन गुजराती टाइप करू लागला, तर र साठी त्याचे बोट मराठीप्रमाणेच जे या कळीवर जाईल. पुढे युनिकोडनेही इस्कीचाच क्रम घेतला, म्हणून मराठी र २३५२ वर आणि गुजराती र २७३६ वर; ळ घ्या, अंतर तेच, ३८४.

एवढे चांगले मानक हाताशी असताना डीटीपीच्या काळात बहुतेक कामे फाँटवर झाली. साठवला जाई इंग्रजीचा संकेत, वर मराठी अक्षराचे चित्र. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली आणि तिथे तो फाँट नसला, की सगळा मजकूर बरबाद. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली तरी ही सवय सुटायला बराच काळ गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, तेव्हा मात्र युनिकोड चांगले रुळले होते. नव्या जिल्ह्याच्या दप्तराला ही मोठीच सोय होती.

एक दुखणे अजून आहे, आणि तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात ते जास्त जाणवावे. ‘ॲसिड’मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन तो लिहीत, आजही लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण आत एकीकडे एक संकेत, दुसरीकडे दोन, आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही. मालाच्या यादीत एका पद्धतीने लिहिलेले ॲसिड दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही. कळीचे चिन्ह करून दिल्यावर लायब्ररीचे काम संपते. ही दोन रूपे एक धरण्याची सोय शोध घेणाऱ्या प्रोग्राममध्येच करावी लागते.