फुकटची गोळी ट्रंकेत, महागाचा डबा फळीवर

आमच्या कोडोलीत आता घरोघरी एक छोटं मेडिकल झालंय. फ्रिजच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या फळीवर एक प्लास्टिकची डबी असते. तिच्यात तापाची, पित्ताची, गुडघ्याची, कॅल्शियमची अशा साऱ्या गोळ्या एकत्र नांदतात. शेजारी ताकदीच्या पावडरीचा एखादा ऐटदार डबाही असतो. तो बहुतेक वेळा नात्यातल्याच कुणीतरी गळ्यात मारलेला असतो. विकणारं माणूस घरचंच, मग 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं बचत गटाचे हप्ते गोळा झाले, की बायका हमखास विचारतात, "बाई, ही गोळी खरंच लागू पडती का?" मी काही बोलायच्या आत दुसरी सांगते, "पडती की! माझ्या जावंला गुण आला बघा."

मैत्रिणींनो, मला आज या 'गुण आला'बद्दलच बोलायचंय. कारण आपले कितीतरी पैसे आणि कधी कधी तब्येतही या दोन शब्दांवर खर्ची पडते.

गुण कशानं आला?

गुडघेदुखी रोज सारखी नसते. भांगलणीच्या दिवसांत ठणकते, चार दिवस विसावा मिळाला की उतरते. आपण गोळी कधी आणतो? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. तिथून ते थोडंफार उतरणारच असतं, पण श्रेय जातं गोळीला. शिवाय 'औषध घेतलं' या दिलाशानंही बरं वाटतं. ते खोटं नसतं, पण ते गोळीचं काम नसतं.

म्हणून संशोधक काय करतात? माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं, ते ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. गुडघ्यासाठी खूप खपणाऱ्या ग्लुकोसामाईनची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर अशी परीक्षा झाली. निकाल २००६ साली आला. सहा महिन्यांनी ग्लुकोसामाईन घेणाऱ्या शंभरातल्या ६४ जणांचं दुखणं बऱ्यापैकी उतरलं होतं. वा! पण थांबा. नुसती खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ६० जणांचंही उतरलं होतं! दोन्हींतला फरक इतका किरकोळ, की तो योगायोगानंही पडू शकतो. खूप जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात ग्लुकोसामाईन आणि काँड्रॉयटिन मिळून थोडा उपयोग दिसला, पण तेवढ्यावर सगळ्यांनी महिन्याचा खर्च मागं लावून घ्यावा, असं काही ठरत नाही.

आता जावेला आलेला गुण आठवा. ती साठातली असेल, की त्या वरच्या चारांतली? एकटीच्या अनुभवावरून हे कधीच कळत नाही.

कुणासाठी चांगली?

दुसरी लाडकी गोळी कॅल्शियमची. तिची गंमत अशी, की तीच गोळी एकीला उपयोगी आणि दुसरीला जवळजवळ निरुपयोगी ठरू शकते.

अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ बायकांचे दोन गट करून एकीकडे कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व, दुसरीकडे खोटी गोळी, असं सरासरी सात वर्षं दिलं. २००६ साली निकाल आला. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ठामपणे कमी झालेलं दिसलं नाही. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. अर्थात, त्या बायकांच्या जेवणात मुळातच कॅल्शियम भरपूर होतं. आपल्याकडं अनेकींच्या ताटात ते कमी पडतं. म्हणजे तो निकाल जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही, पण 'चाळिशी आली, आता कॅल्शियम सुरूच करा' या सल्ल्यालाही त्यातून आधार मिळत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. दूध, ताक आणि तीळ तर घरचेच.

गरोदर बाईची गोष्ट वेगळी. ज्या भागात जेवणातून कॅल्शियम कमी जातं, तिथं या गोळीमुळं गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. हा वाढलेला रक्तदाब आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. बंगळुरूत ११,००० गरोदर बायकांवर आणि टांझानियात तितक्याच बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०२४ साली आले. रोज १,५०० मिलीग्रॅमऐवजी ५०० मिलीग्रॅम दिलं, तरी त्या रक्तदाबापासून तितकंच संरक्षण मिळालं. म्हणजे 'जास्त तितकं चांगलं' हेही खरं नाही.

लाल गोळीचं दुर्दैव

आता खरी बोचणारी गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ भरलं. घरात ताकदीच्या पावडरीचे दोन डबे होते, सासूबाईंनी हौसेनं आणलेले. आणि सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या? ट्रंकेत, साड्यांच्या खाली! "शी काळी होती, मळमळतं, आणि फुकटच्या गोळीत काय असणार?" असं तिचं म्हणणं. बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या जिवावर बेतायला वेळ लागत नाही.

खरं म्हणजे त्या डबीत सगळ्यांत भक्कम पुरावा असेल, तर याच गोळीमागं. गरोदरपणात लोहाची गोळी देण्याचे अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा दिवस भरताना पंडुरोग असण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. आणि आपल्याला त्याची किती गरज आहे! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना पंडुरोग आढळला. शी काळी होणं हे लोहाचं नेहमीचं लक्षण आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. आशाताईनं हेच समजावलं, तेव्हा कुठं ती सून नियमानं गोळी घेऊ लागली.

त्याच गोळीत फॉलिक ॲसिडही असतं. बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत व्यंग असण्याचं एक बाळंतपण आधी झालेल्या बायकांवर सात देशांत अभ्यास झाला, त्याचा निकाल १९९१ साली लागला. अशी २७ व्यंगं पुन्हा आढळली. त्यांतली २१ फॉलिक ॲसिड न मिळालेल्यांत, तर मिळालेल्यांत फक्त ६. उपयोग इतका स्पष्ट दिसला, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. हा कणा गर्भ राहिल्यापासून पहिल्या महिन्याभरातच घडतो, म्हणून मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करायला डॉक्टरांना विचारावं.

बी-१२ चं काम आणखी निराळं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. बऱ्याच मातांच्या अंगात बी-१२ कमी आढळलं. आईतलं बी-१२ आणि मुलांची पुढची तब्येत यांचं नातं दिसलं, पण नातं दिसलं म्हणजे कारण सापडलं असं नाही, म्हणून त्यांनी पुढं त्याच मुलांना ती वयात येताना बी-१२ आणि खोटी गोळी देऊन तुलनाही केली. अशी शिस्त लागते. आपण मात्र कुणाला हातापायाला मुंग्या आल्या, की तिची गोळी आपणही सुरू करतो!

लेबल वाचा

पावडरीच्या डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो. विकणारा तो दाखवून म्हणतो, "सरकारमान्य आहे." अहो, तो अन्नाचा परवाना आहे, रोग बरा करण्याचा दाखला नव्हे! नीट पाहिलं तर त्याच डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलंही असतं. 'नैसर्गिक' या शब्दानंही भुलू नका. भाजीतल्या चिमूटभर हळदीला आपल्या आज्याही भ्यायल्या नाहीत, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत.

आणि पाकिटातली गोळी म्हणजे सिद्ध झालेलीच, असंही नाही. दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या, पण तशी जोडी करण्याला पुरेसा आधार नसलेल्या १५६ औषधांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी घातली. त्याआधी ती बाजारात खपतच होती.

वांगी घेताना आपण देठ बघतो, कीड बघतो, मग पोटात जाणाऱ्या गोळीला चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? गुण आला तो कशाच्या तुलनेत? किती जणांना देऊन पाहिलं? त्या बायका माझ्यासारख्या होत्या का? आणि माझं काय बिघडू शकतं? 'अमक्या वहिनींना बरं वाटलं' हे यातल्या एकाचंही उत्तर नाही.

एवढं वाचून रक्तदाब, साखर किंवा थायरॉईडची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. त्या गोळ्यांमागं भक्कम पुरावा आहे, आणि त्या अचानक सोडणं घातक ठरू शकतं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा फळीवरचा सगळा संसार, डबा-पावडर-गोळ्या, एका पिशवीत भरून न्या. डॉक्टरांसमोर ओता आणि बेधडक विचारा, "यांतलं मला नक्की काय लागतं?"