सर्व्हर परत येतो, नोंद येईलच असे नाही

धानाच्या आधारभूत खरेदीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यात सातबाऱ्यासाठी धावपळ सुरू होते आणि 'सर्व्हर डाऊन' हे शब्द कानावर पडू लागतात. लोकांचा संताप रास्तच आहे. पण अशा यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी खरी धास्ती घ्यावी ती नोंदी बिघडण्याची. आज सर्व्हर म्हणजे बहुधा एका मोठ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या अनेक व्हर्च्युअल मशीनपैकी एक. आयबीएमने १९६०च्या दशकातच ही युक्ती वापरात आणली. असे मशीन शेवटी फायलींचा संच असते. बिघडले तर तयार नमुन्यावरून दुसरे उभे राहते. डेटाबेसमधल्या नोंदींना असा नमुना नसतो. फेरफार प्रमाणित झाला की जुन्या खातेदाराचे नाव कंसात जाते आणि नव्याचे चढते. दोन्ही बदल एकत्र व्हावेत, नाहीतर एकही होऊ नये. म्हणून डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये टिपतो आणि मध्येच वीज गेली तर त्यावरून अर्धवट व्यवहार मागे घेतो.

मशीनचा स्नॅपशॉट रोज घेतला तर वेगळा बॅकअप कशाला, असे विचारले जाते. एक तर स्नॅपशॉट अनेकदा त्याच स्टोरेजवर असतो. ते जळाले की दोन्ही गेले. शिवाय संध्याकाळी सकाळच्या स्नॅपशॉटवर परतलो तर दिवसभराचे फेरफार पुसले जातात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८पासून मिळतो. दुपारी काढलेला असा उतारा तोवर बँकेत पोहोचलेला असतो. मग कागद एक सांगतो, डेटाबेस दुसरेच. सतत अद्ययावत राहणारी दुसरी प्रतही इथे तारत नाही, कारण चुकून पुसलेली नोंद तिथूनही लगेच पुसली जाते. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाचही पद्धती भरवशाच्या नव्हत्या असे उघड झाले. तिला तारले ते सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटनेच, हे खरे. पण मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच. पूर्ण बॅकअप आणि त्यापुढचे सगळे लॉग दुसऱ्या ठिकाणी जपले असतील, तरच चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत परतता येते.

जपलेला बॅकअप खरोखर परत उतरतो का, याची अधूनमधून तालीम घ्यायला हवी. त्यासाठी मनुष्यबळ आणि पैसा कुठून आणायचा, ही अडचण खोटी नाही. पण इथेच व्हर्च्युअल मशीन उपयोगी पडते: तात्पुरते एक उभे करावे, त्यात बॅकअप उतरवावा, आमगाव-देवरीकडचे काही गट आणि फेरफार क्रमांक मूळ नोंदींशी ताडून पाहावेत आणि ते मशीन काढून टाकावे.