रेस दिली की दबते

नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं नुकती उघडताहेत. आतल्या गल्लीतल्या गॅरेजच्या दारात एक ऑक्टाव्हिया आरएस बॉनेट उघडून उभी आहे. वीस वर्षांपूर्वी औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेली ही गाडी. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 हॉर्सपॉवर. तिच्या चाहत्यांपैकी मी एक, म्हणून सकाळपासून इथे उभा आहे.

मालक तिशीचा. गाडी त्यानं नुकतीच घेतलीय, आधीच्या बिलांच्या गठ्ठ्यासकट. "मामा, तिसऱ्या गिअरला हळू चाललोय आणि रेस दिली, की क्षणभर दबते. मग एकदम सुटते."

गॅरेजवाले मामा बिलं चाळतात. चारही कॉइल नव्या, प्लग नवे, हवा मोजणारा सेन्सरही नवा. "एवढं बदललं, पण मोजलं कुणी काय?" असं विचारून ते गठ्ठा परत देतात.

लॅपटॉप जोडला जातो. मिसफायरचा आकडा चारही सिलिंडरला शून्य आहे. तरी मामा दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावून बघतात. कॉइल खराब असती तर मिसफायर तिच्यामागून सरकला असता. तसं काही होत नाही. प्लग काढून उजेडात धरतात, टोकं फिकट पांढरी आहेत. म्हणजे मिश्रण पातळ जळतंय, हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

आता खरी गोष्ट पडद्यावर येते, फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त ओततोय, ते हा आकडा सांगतो. आयडलला तो 19 आहे. मामा रेस 2500 आरपीएमवर धरून ठेवतात, तसा उतरत उतरत 5 वर येतो. पंप थकला असता किंवा सेन्सर चुकत असता तर रेस वाढवल्यावर आकडा चढला असता. इथे तो उतरतोय, म्हणजे इंजिन कुठून तरी न मोजलेली हवा ओढतंय. आयडलला एकूण हवाच थोडी, म्हणून तेवढी चोरीही मोठी दिसते.

"हवा घेतेय," मामा म्हणतात.

हवा कुठून शिरतेय ते शोधायला बरेच जण गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते बघतात. टर्बो तापलेला असताना हा खेळ मला धोक्याचा वाटतो, आणि मामाही तो करत नाहीत. ते इंजिन बंद करतात, फिल्टरकडचा पाइप सोडतात, त्यात रबरी बूच बसवून धुराच्या मशीनची नळी जोडतात. तापवलेल्या तेलाचा पांढरा धूर अगदी कमी दाबानं आत जाऊ लागतो. सगळे वाकून बघताहेत. वरच्या पाइपांवर काही नाही, क्लॅम्पांवरही नाही. मग मॅनिफोल्डच्या खालून, एकदम मागच्या कोपऱ्यातून, धुराची बारीक रेघ वर येते.

मामा दांडीवरचा आरसा खाली सरकवतात. क्रँककेसच्या वाफा मॅनिफोल्डकडे नेणारा रबरी पाइप, वन-वे व्हॉल्व्हच्या पुढचा तुकडा. सोडवून ते तो माझ्या हातात देतात. तेलानं भिजून मऊ पडलाय. बोटानं वाकवला की खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडते, सोडला की मिटते. वरून बघणाऱ्याला ती दिसणारच नाही. आयडलला तिच्यातून हवा आत येते, आणि बूस्ट चढला की दाब तिच्यातूनच बाहेर पडतो. मालकाला जाणवणारा झटका नेमका या दोन्हींच्या मधला.

रबर वय आणि उष्णतेनं जातं, त्यात कुणाचा दोष नाही. पण एका पाइपापायी चार कॉइल आणि एक सेन्सर बदलले गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंदाजानं पार्ट बदलत जाणं ही जुन्या गाडीची सर्वांत वाईट सेवा आहे.

पोऱ्या दुकानातून पाइप घेऊन येतो. मामा तो परत पाठवतात. पाण्याच्या लाइनचा पाइप इथे चालत नाही, तेलाच्या वाफेनं फुगतो. तेल सोसणारा येतो, बसतो, क्लॅम्प आवळले जातात. जुन्या नोंदी पुसून गाडी सुरू होते आणि ट्रिम 2-3 च्या आसपास थांबतो.

सोलापूर रस्त्यावर मालक तिसऱ्या गिअरला चाळीसच्या वेगानं जातोय. पाय दाबतो. गाडी न दबता, सरळ ओढत निघते.

जुनी टर्बो गाडी घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी ट्रिमचे आकडे आयडलला आणि 2500 वर, असे दोन्हीकडे वाचून घ्या. फरक मोठा दिसला तर आधी धूर लावायला सांगा, पार्टची यादी नंतर करा.