टेकडीची वाट आणि फाटकाची कडी

शेतावर जाण्याची वाट कोणी काटे टाकून अडवली म्हणजे काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. भाऊबंदकी उभी राहते, तहसील कचेरीच्या खेपा सुरू होतात. दूरच्या स्कॉटलंडमध्ये लोकांनी हा वाटेचा प्रश्न कसा सोडवला, ते एका लहानशा टेकडीच्या निमित्ताने सांगतो.

माझा एक वर्गमित्र ग्लासगोला राहतो. मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी त्याने मला कॉनिक हिल या टेकडीवर नेले. लॉख लोमंड नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी बाल्माहा हे खेडे आहे. तेथून चढ लागतो. टेकडी अवघी ३६१ मीटर उंच. पण सरोवर समुद्रसपाटीच्या जवळपासच असल्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढावी लागते, बरं का!

झाडी संपली तेथे एक लाकडी फाटक होते. पलीकडे मोकळ्या उतारावर मेंढ्या आणि त्यांची कोकरे चरत होती. मी फाटक ढकलून तसाच पुढे निघालो. मित्र मागून ओरडला, "अरे, कडी!"

तो परत खाली उतरला, कडी लावली आणि मग म्हणाला, "फाटक लावलेलं आढळलं तर लावून जायचं. उघडं आढळलं तर उघडंच ठेवायचं."

"उघडं का ठेवायचं?" मी विचारले.

"मेंढरांना पाण्यावर जाता यावं म्हणून मालकानंच ते उघडं ठेवलं असेल. ती मेंढरं कुणाच्या तरी पोटापाण्याची आहेत."

मी ओशाळलो. वर्गात नागरिकशास्त्राच्या गोष्टी सांगणारा मी, आणि एका कडीपाशी चुकलो!

आता या कडीमागचा कायदा पाहू. २००३ साली स्कॉटलंडच्या संसदेने जमीन सुधारणा कायदा केला. त्याने बहुतेक सर्व जमिनीवरून, मग ती खाजगी का असेना, पायी जाण्याचा हक्क सर्वांना दिला. हा हक्क २००५ पासून अमलात आला. मात्र त्याला एक अट आहे: जबाबदारीने वागले पाहिजे. उभ्या पिकातून जाता येत नाही, घराच्या अंगणातून जाता येत नाही, मोटार घालता येत नाही. कोकरांच्या दिवसांत कुत्रा दोरीने बांधून न्यावा लागतो.

हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. १८४७ साली एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बाल्फोर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्ट या खोऱ्यातून चालले होते. जमिनीचा मालक, अ‍ॅथोलचा ड्यूक, याने त्यांची वाट अडवली. प्रकरण न्यायालयात गेले आणि वाट खुली राहिली. १८८४ साली जेम्स ब्राइस यांनी डोंगर सर्वांना मोकळे करण्याचे विधेयक पार्लमेंटात मांडले. ते मंजूर झाले नाही. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली, तेव्हा कुठे हा कायदा झाला.

माथ्याजवळचा खडक पाहण्यासारखा आहे. लाडवात शेंगदाणे रोवावेत तसे त्यात गोल गोटे रुतलेले दिसतात. माथ्यावरून सरोवरातली बेटे एका रांगेत दिसतात. भूकवचाला पडलेली एक प्राचीन भेग तेथून जाते. तिच्या उत्तरेस डोंगराळ मुलूख, दक्षिणेस सखल. वारा एवढा होता की आम्ही डबा दगडाच्या आडोशाला बसून खाल्ला.

उतरताना फाटक आले. मित्र काही बोलला नाही. नुसता थांबून पाहत राहिला. या खेपेस कडी मी लावली.

आपल्याकडेही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते. पण कागदावर मिळालेली वाट गोडीगुलाबीने चालू राहायची, तर चालणाऱ्याने बांध तुडवू नये आणि बांधवाल्याने काटे टाकू नयेत. गुरुजी, पुढच्या खेपेस मुलांना सहलीला न्याल तेव्हा वाटेत कुणाचे शेत लागेलच. तेथे घटकाभर थांबा, आणि कडी लावण्याचे काम एखाद्या मुलाकडे सोपवा.