जोडण्यांचा कारभारी: लिनक्समधील नेटवर्क मॅनेजर

लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक घरगुती आणि कार्यालयीन संगणकांत नेटवर्कच्या जोडण्या सांभाळण्याचे काम ‘नेटवर्क मॅनेजर’ ही सेवा करते. संगणक सुरू झाल्यापासून ती पडद्याआड जागी असते. केबल लागली की नाही ते पाहणे, ओळखीचे वायफाय शोधणे, राउटरकडून पत्ता मागून घेणे, संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरची नोंद ठेवणे आणि एक वाट बंद पडली की दुसरी धरणे, ही तिची रोजची कामे. तिच्याशी बोलायचे मार्ग तीन आहेत. पडद्याच्या कोपऱ्यातले चित्र हा पहिला. ‘एनएमटीयूआय’ हा अक्षरांच्या चौकटींतून चालणारा तक्ता दुसरा, आणि ‘एनएमसीएलआय’ ही आज्ञावली तिसरी. तिन्हींत सर्वांत जास्त अधिकार आज्ञावलीच्या हाती आहेत. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.

कोणाचे काम कोणते

डेटाच्या पुडक्यांची प्रत्यक्ष ने-आण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. कोणत्या यंत्रावर, कोणत्या पत्त्याने, कोणत्या मार्गाने, हे नेटवर्क मॅनेजर ठरवतो. वायफायचा परवलीचा शब्द तपासून घेण्यासाठी तो बहुधा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या सेवेची मदत घेतो, मोबाइल मोडेमसाठी ‘मोडेम मॅनेजर’ची. एनएमसीएलआय स्वतः काहीच जोडत किंवा तोडत नाही. ‘डी-बस’ या अंतर्गत टपालातून ती फक्त निरोप पोचवते आणि आलेले उत्तर दाखवते. म्हणूनच आज्ञा दिल्यावर टर्मिनलची खिडकी मिटली तरी जोडणी तशीच राहते.

थोडा इतिहास

युनिक्सच्या जगात हे काम पूर्वी ‘आयएफकॉन्फिग’ने होई. १९८३च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतून आलेली ही आज्ञा लिनक्सनेही उचलली. पुढे लिनक्सच्या गाभ्यात मार्गनिवडीच्या नव्या सोयी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी ‘आयपी’ ही आज्ञा तयार झाली. ती आजही वापरात आहे, पण तिने केलेला बदल संगणक बंद होताच पुसला जातो. टेबलावर ठेवलेल्या आणि केबलने कायम जोडलेल्या यंत्राला एवढ्यावर भागत असे. वायफायचे लॅपटॉप आले आणि भागेनासे झाले. रेड हॅट कंपनीने २००४मध्ये नेटवर्क मॅनेजर सुरू केला तो या गरजेतून. आरंभी त्याचा सगळा कारभार चित्रांतून चाले. २०१०मध्ये एनएमसीएलआयची भर पडली आणि पडदा नसलेल्या सर्व्हरवरही तो वापरता येऊ लागला.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. या लेखातली उदाहरणे ज्या वाशीम जिल्ह्यातली आहेत, तो त्यानंतर, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणाऱ्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११मध्ये मंजुरी दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली गेली. तिच्या मूळ रचनेत तालुक्याच्या दूरध्वनी केंद्रातून निघालेला तंतू वाटेत फाटे फुटत गावात पोचतो आणि ‘ओएनटी’ नावाच्या डबीत संपतो. डबीच्या पुढची केबल आणि तिला लावलेला संगणक हा स्थानिक कारभार. नेटवर्क मॅनेजरचे राज्य इथून सुरू होते.

यंत्र आणि जोडणी

या व्यवस्थेत ‘डिव्हाइस’ म्हणजे यंत्र आणि ‘कनेक्शन’ म्हणजे जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद उमगला की निम्मे काम झाले. एसटीच्या आगारात गाडी वेगळी आणि तिच्यावर लावायची पाटी वेगळी. ‘वाशीम–कारंजा’ ही पाटी आज एका गाडीवर, उद्या दुसऱ्या. एका वेळी गाडीवर पाटी मात्र एकच, आणि गाडी नसली तरी पाटी आगारात पडून राहते. तसेच इथे. नेटवर्क कार्ड हे यंत्र. पत्ता, परवलीचा शब्द, डीएनएस, अग्रक्रम यांची नाव देऊन ठेवलेली नोंद ही जोडणी. एकाच वायफाय कार्डासाठी शाळेची, घराची आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटची अशा तीन नोंदी असू शकतात. एका वेळी लागू एकच होते.

सद्यस्थिती पाहण्याची आज्ञा ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’. उत्तरात यंत्राचे नाव, प्रकार, स्थिती आणि लागू असलेली जोडणी असे चार रकाने येतात. ‘ईएनपी३एस०’सारखी नावे विचित्र वाटली तरी त्यांत अर्थ आहे: ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘पी३’ म्हणजे पीसीआयची तिसऱ्या क्रमांकाची बस, ‘एस०’ म्हणजे तिच्यावरची शून्य क्रमांकाची खाच. वायफायचे नाव ‘डब्ल्यूएल’ने सुरू होते. स्थितीचा रकाना नीट वाचावा. ‘अनअव्हेलेबल’ असेल तर बहुधा केबल निघालेली आहे किंवा वायफायचा रेडिओ बंद आहे. ‘डिस्कनेक्टेड’ म्हणजे यंत्र तयार आहे, पण त्याला जोडणी लावलेली नाही. ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे ते यंत्र नेटवर्क मॅनेजरच्या ताब्यातच नाही.

जोडणी तयार करणे

वायफायचे काम दोन ओळींत होते. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ म्हटले की आसपासच्या केंद्रांची नावे, चॅनेल, सिग्नल आणि सुरक्षेचा प्रकार दिसतो. नंतर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय कनेक्ट’, त्यापुढे केंद्राचे नाव. परवलीचा शब्द त्याच ओळीत लिहिता येतो, पण मग तो आज्ञांच्या इतिहासात उघडा राहतो. त्याऐवजी ‘आस्क’ हा पर्याय दिला की संगणक तो वेगळा विचारून घेतो. जोडणीची नोंद आपोआप तयार होते आणि पुढच्या वेळी पुन्हा काही सांगावे लागत नाही.

केबलच्या जोडणीला पत्ता सहसा राउटर देतो. पण ज्या संगणकाला प्रिंटर लावला आहे किंवा ज्यावरून इतर संगणक फाइली घेतात, त्याचा पत्ता कायम असलेला बरा. त्यासाठी ‘कनेक्शन मॉडिफाय’ने पत्ता ठरवण्याची पद्धत ‘मॅन्युअल’ करायची आणि पत्ता, राउटरचा पत्ता व डीएनएस द्यायचे, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०/२४ आणि १९२.१६८.१.१. नवशिके इथे हमखास अडखळतात. ‘मॉडिफाय’ने नोंद बदलते, चालू जोडणी नाही. नवी नोंद लागू होते ती ‘कनेक्शन अप’ म्हटल्यावर. उलट ‘डिव्हाइस मॉडिफाय’ने केलेला बदल ताबडतोब लागू होतो, पण नोंदीत उतरत नाही.

दोन वाटा, एक संगणक

ग्रामीण भागात एकाच वाटेवर विसंबून चालत नाही. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या शाळेत लिनक्सचा संगणक आहे, ओएनटीची केबल त्याला लावलेली आहे आणि अडीअडचणीला शिक्षकांचा मोबाइल आहे, असे धरू. दोन्ही एकदम जोडले तर वाहतूक कोणत्या वाटेने जाईल, हे ‘मेट्रिक’ नावाचा आकडा ठरवतो. आकडा लहान, त्याचा मान पहिला. काही सांगितले नाही तर नेटवर्क मॅनेजर केबलला १००, वायफायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७०० देतो. म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट वायफायने घेतला असेल तर केबल असेपर्यंत मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. पण तोच मोबाइल यूएसबी केबलने लावला तर संगणक त्याला साधे इथरनेट समजतो. मग १०० आणि १०१ अशी चुरस लागते आणि जो आधी जोडला तो पुढे राहतो. अशा जोडणीला हाताने ८००सारखे मोठे मेट्रिक देऊन ठेवावे.

दुसरी अडचण याहून फसवी. तंतू वाटेत कुठेतरी तुटलेला असतो, पण ओएनटीची डबी चालू असते. केबल ‘कनेक्टेड’ दिसते, पत्ताही मिळतो, इंटरनेट मात्र नाही. यावर उपाय म्हणून नेटवर्क मॅनेजरमध्ये पोच तपासण्याची सोय आहे. ती चालू असेल तर तो ठरावीक काळाने बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारतो. उत्तर आले नाही की त्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवतो. १००ची केबल २०,१००वर जाते आणि ६००चे वायफाय आपोआप पुढे येते.

याच्या जोडीला ‘ऑटोकनेक्ट प्रायॉरिटी’ असते. एकाच यंत्राला लागू शकतील अशा अनेक नोंदी असतील तर आधी कोणती लावायची, हे ती ठरवते. इथे मात्र मोठा आकडा वरचढ. मेट्रिकमध्ये लहान आकडा जिंकतो आणि प्रायॉरिटीत मोठा, ही उलटापालट ध्यानात ठेवावी लागते.

वीज गेल्यावर

वीज जाऊन परत आली की संगणक आणि ओएनटी एकदमच सुरू होतात, पण डबीला पत्ते वाटण्याइतके सावरायला वेळ लागू शकतो. नेटवर्क मॅनेजर पत्त्यासाठी मुळात ४५ सेकंद वाट पाहतो आणि असा प्रयत्न चार वेळा करतो. चारही फसले की ती जोडणी काही मिनिटे बाजूला ठेवतो. समोर बसलेल्याला वाटते, संगणकच बिघडला. ‘कनेक्शन ऑटोकनेक्ट रिट्राइज’चे मूल्य शून्य केले तर प्रयत्नांची मर्यादा उठते. शून्याचा अर्थ इथे ‘एकदाही नाही’ असा नसून ‘थकेपर्यंत नव्हे, कायम’ असा आहे.

दोष शोधण्याचा क्रम

बिघाड शोधताना जवळून दूर जावे. आधी ‘डिव्हाइस स्टेटस’. यंत्र ‘गेटिंग आयपी कॉन्फिगरेशन’वर अडकले असेल तर राउटर पत्ता देत नाही. पत्ता असेल तर राउटरला ‘पिंग’ करावे. तिथून उत्तर आले की केबल आणि कार्ड ठीक. मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला पिंग करावे. तिथून उत्तर येते, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. राउटर बोलतो आणि बाहेरचे काहीच बोलत नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. सेवेची तपशीलवार रोजनिशी ‘जर्नलसीटीएल’मधून वाचता येते.

दुसऱ्या गावातून, एसएसएचने म्हणजे दुरून टर्मिनल चालवण्याच्या सोयीने, संगणकात शिरून बदल करताना विशेष जपावे. ज्या जोडणीवरून आत आलो तीच खाली आणली, तर बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड घातल्यासारखे होते. कारंज्याहून वाशीमला किंवा वाशीमहून मानोऱ्याला त्यासाठी फेरी मारावी लागते. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डिव्हाइस चेकपॉइंट’ ही सोय आहे: बदल केल्यावर ठरावीक सेकंदांत होकार मिळाला नाही, तर आधीची रचना आपोआप परत लागते.

नोंदी आणि भाषा

जोडणीची नोंद सहसा ‘ईटीसी’ विभागातल्या ‘सिस्टिम-कनेक्शन्स’ या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत असते. तिच्यात परवलीचे शब्द असू शकत असल्याने ती फक्त रूट वापरकर्त्याला वाचता येते. फाइल जपून दुसऱ्या जागी ठेवली, तर संगणक नव्याने उभारल्यावर जोडण्या पुन्हा टंकाव्या लागत नाहीत.

नेटवर्क मॅनेजरच्या संदेशांचे मराठी भाषांतरही आहे. भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचे बरेच काम रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयातून झाले; सी-डॅकने डेबियनवर उभारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही मराठीत वापरता येते. मात्र एनएमसीएलआयचे उत्तर संगणकाच्या भाषेप्रमाणे बदलत असल्याने, ते दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचायचे असेल तर आज्ञेआधी भाषा ‘सी’ ठरवावी.

सगळीकडे नेटवर्क मॅनेजरच असतो असे नाही. उबंटूच्या सर्व्हरवर ‘नेटप्लॅन’ आणि ‘सिस्टिमडी-नेटवर्कडी’ असतात, डेबियनच्या साध्या सर्व्हरवर ‘इंटरफेसेस’ नावाची फाइल पुरते. एकाच यंत्राचा ताबा मात्र दोघांकडे देऊ नये. आणि रस्त्याच्या खोदकामात तुटलेला तंतू यांपैकी कोणतीच आज्ञा जोडू शकत नाही. दोष संगणकात, डबीत की डबीच्या पलीकडे, एवढे ती सांगते. तक्रार कोठे करायची ते त्यावरून ठरते.