डोंगरातील आरोग्य – लेखांक सहावा : तपासणी कोणाच्या हातून व्हावी?

शेगावच्या स्टेशनावर उतरणाऱ्या यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येते की, येथून उत्तरेस गेले असता जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत काळी जमीन संपून सातपुड्याचा चढ लागतो आणि भिंगारा, चाळीसटापरी अशा वस्त्यांतून भिल, भिलाला, बारेला, कोरकू, निहाल या जमातींचा निराळाच मुलूख सुरू होतो. खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकाराची चर्चा आपल्याकडे चावडीवरही चालते. परंतु यकृत आतून पोखरणाऱ्या ‘बी’ व ‘सी’ या काविळींविषयी आणि गुप्तरोगांविषयी डोंगरातच काय, शेगावातही कोणी उघड बोलत नाही. या रोगांचे स्वरूप मागील लेखांकात पाहिले; आज त्यांच्या तपासणीचा विचार करू.

‘बी’ काविळीच्या शोधाची हकीकत येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. बरूच ब्लूमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवात एक अपरिचित प्रथिन आढळले. १९६५ साली ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे ते या विषाणूच्याच आवरणाचे ठरले आणि १९७६ साली ब्लूमबर्ग नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. ज्या समाजाच्या रक्ताने जगाला ही चाचणी दिली, त्या समाजाला मात्र साध्या औषधोपचारासाठीही १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न वस्तीत आपल्याच लोकांच्या कारभाराखाली दवाखाना उघडावा लागला. अलीकडे त्या देशाच्या दुर्गम भागातील ६८ आरोग्यकेंद्रांत, दप्तरातील नोंदी वेळोवेळी पडताळून गुप्तरोगांच्या तपासण्या वाढविण्याचा प्रयोग झाला. तपासण्या वाढल्या, पण रोगाचे प्रमाण म्हणावे तसे उतरले नाही. निदानामागोमाग उपचार तत्परतेने पोहोचला नाही, तर नोंदवही भरते आणि रोग जागच्या जागी राहतो, असे मला यावरून वाटते.

आपल्या प्रांतातील उदाहरण याहून जवळचे आणि अधिक हृदय हेलावणारे आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून जे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, त्यांनुसार शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा गुप्तरोग जडलेला होता, आणि पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८. याहूनही विचार करायला लावणारा आकडा असा की, शंभरांतील ४५ स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. सरकारी दवाखान्यांत लक्षणांनुसार निरनिराळ्या रंगांच्या औषधसंचांतून जो उपचार दिला जातो, तो उपयुक्त आहे यात संशय नाही. पण जिची तक्रारच नाही, तिच्यापर्यंत तो पोहोचावा कसा?

म्हणून तपासणीच पाड्यावर गेली पाहिजे, आणि तशी ती जाऊ शकते. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब पट्टीच्या खाचेत सोडावा, त्यावर द्रवाचे थेंब घालावेत, पंधरा-वीस मिनिटे थांबावे. एक रेघ उमटली तर रोगाची खूण नाही, दुसरीही उमटली तर पुढील तपासणी हवी, आणि एकही न उमटली तर पट्टीच निकामी समजून नवी घ्यावी. उपदंशाचे निदान झाल्यास पेनिसिलिनचे इंजेक्शन त्याच बैठकीत देता येते. ‘सी’ काविळीच्या पट्टीने मात्र पूर्वी कधी तरी संसर्ग झाला होता, एवढेच कळते. विषाणू अद्याप रक्तात आहे की नाही, हे पाहण्यास दुसरी तपासणी लागते, आणि तो असल्यास बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो नाहीसा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. ज्याला दिवाळीनंतर मजुरीसाठी घर सोडावे लागते, त्याला ‘निकाल पुढच्या महिन्यात’ म्हणून सांगणे आणि काहीच न सांगणे यांत मला अंतर दिसत नाही.

आता खरा अवघड प्रश्न. कोरकूत किंवा बारेलीत समजावून सांगणारी, पाड्यातलीच आशाताई असल्यावाचून विश्वास बसत नाही. परंतु तीच कोणाची जाऊ, कोणाची नणंद असते, आणि आपले गुपित तिच्या कानी जाईल या धास्तीने बाई घरातून बाहेरच पडत नाही. माझ्या मते आशाताईने बोलावणे करावे, धीर द्यावा, सोबत यावे. रक्त मात्र बाहेरून आलेल्या परिचारिकेने घ्यावे, संमती विचारूनच घ्यावे, आणि नोंदीत नावाऐवजी क्रमांक असावा. एचआयव्हीच्या बाबतीत संमती आणि गुप्तता यांचे बंधन २०१७ च्या कायद्यानेच घातले आहे; तोच दंडक काविळीलाही लावण्यास हरकत कसली? शिवाय, ही तपासणी निराळी मांडू नये. श्री गजानन महाराज संस्थानाचा फिरता दवाखाना आदिवासी भागात जातो. तापाची, खोकल्याची औषधे जेथे माणसे निःसंकोच घेतात, तेथेच साखर आणि हिमोग्लोबिन यांच्या सोबतीने, सरसकट सर्वांचीच ती व्हावी, म्हणजे कोणाकडे बोट दाखविले जाणार नाही.

गरोदर स्त्रीची तपासणी तर पहिल्या भेटीतच व्हावी. ‘बी’ काविळीची लस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळावी लागते, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की डोंगरातील बाळंतपण घरीच होते. तेव्हा आईचे निदान आधी हाती असेल, तर तिला अखेरच्या आठवड्यात खाली दवाखान्यात आणून ठेवण्याची, आणि ते न जमल्यास थंड पेटीतून लस वर पाठविण्याची तजवीज परिचारिकेला वेळेवर करता येईल.